पासष्टचा पाढा आणि तांब्याच्या दोन गुंडाळ्या

पासष्ट नवे पाचशे पंच्याऐंशी

नागपूर आकाशवाणीची मध्यम लहरींवरची जुनी, ओळखीची जागा म्हणजे ५८५ किलोहर्ट्झ. वाशिमहून पुसदकडे जाताना लागणाऱ्या अनसिंगमध्ये, किंवा भोवतालच्या कुठल्याही गावात, ट्रान्झिस्टरचा काटा तिथे आणून ठेवा आणि मग शेजारी स्वस्तातला एलईडी दिवा लावा. बहुतेक वेळा निवेदकाच्या आवाजावर खरखरीचा जाड थर बसतो. दिवा बंद केला की तो जातो. नागपूर काही अनसिंगच्या शेजारी नाही. तिथून येणारी लहर इथपर्यंत पोचताना क्षीण झालेली असते आणि दिवा मात्र हातभर अंतरावर असतो. त्यामुळे कुणाचे ऐकायचे हे रेडिओच्या हातात उरत नाही.

या खरखरीमागे साधे अंकगणित आहे. मोबाईलचा चार्जर, सेट टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर, एलईडीचा ड्रायव्हर या सगळ्यांच्या पोटात ट्रान्झिस्टरचा एक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो. ट्रान्सफॉर्मर लहान आणि हलका व्हावा म्हणून ही धावपळ. अशा पुष्कळ चिपांचा वेग ६५ किलोहर्ट्झ ठेवलेला असतो, आणि तो आकडा विचारपूर्वक निवडलेला आहे. घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी विजेच्या तारांत किती गोंगाट सोडावा याचे मोजमाप साधारणपणे १५० किलोहर्ट्झच्या पुढे सुरू होते. ६५ ची दुप्पट १३०. म्हणजे मूळ वेग आणि त्याची पहिली पट, हे दोन सर्वांत जोरदार घटक मोजणाऱ्याच्या नजरेखालून निसटतात. हुशारी मान्य करायला हवी. पण पाढा १३० वर थांबत नाही. नवव्या घराला तो बरोबर नागपूरवर येतो. विसाव्या घराला १३०० होतात आणि परभणी आकाशवाणीची जागा आहे १३०५. तिथे पाच किलोहर्ट्झच्या फरकाची बारीक शिट्टी निघते. प्रत्यक्षात चिपेचा वेग थोडा इकडेतिकडे सरकतो, काही चिपांत तो मुद्दामच हलता ठेवतात, म्हणून शिट्टीऐवजी बऱ्याचदा घुरघुर किंवा खरखर ऐकू येते.

एफएमला हा त्रास फारसा जाणवत नाही, कारण तिथे आवाज लहरीच्या उंचीत नसून तिच्या वारंवारतेतल्या फरकात भरलेला असतो. मध्यम लहरींवर आता काही ऐकूच येत नाही, अशी तक्रार गावोगावी ऐकू येते. तिच्यातला निदान थोडा भाग प्रक्षेपकाच्या खात्यावर नसून आपल्याच घरातल्या प्लगांच्या खात्यावर मांडायला हवा.

गोंगाटाच्या दोन चाली

घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक फेज, दुसरी न्यूट्रल. उपकरणाला लागणारा प्रवाह एकीतून येतो आणि दुसरीतून परत जातो. त्याच वाटेने फिरणाऱ्या गोंगाटाला डिफरेन्शियल मोड म्हणतात. दोन्ही तारा एकमेकींना लगटून असतात, प्रवाह उलट-सुलट असतात, त्यामुळे थोडे दूर गेले की त्यांची क्षेत्रे एकमेकांना बरीचशी खोडून काढतात. हा गोंगाट तुलनेने सभ्य.

दुसरी चाल खट्याळ. तिच्यात गोंगाटाचा प्रवाह दोन्ही तारांतून एकाच दिशेने बाहेर पडतो आणि परत येतो तो भलत्याच वाटेने: अर्थच्या तारेतून, भिंतीतून, जमिनीतून, कधी नुसत्या हवेतून. हा कॉमन मोड. दोन्ही तारा मिळून एकच लांब एरियल बनते आणि खोडून काढायला समोर कुणी नसते. किती थोडक्यात काम भागते पाहा. एक मीटर लांबीच्या केबलमध्ये ५० मेगाहर्ट्झचा फक्त ५ मायक्रोअँपियर कॉमन मोड प्रवाह वाहिला, तरी तीन मीटरवर दर मीटरला सुमारे १०० मायक्रोव्होल्ट इतके क्षेत्र तयार होते. घरगुती उपकरणांसाठी अमेरिकेत घालून दिलेली त्या पट्ट्यातली मर्यादा एवढीच आहे.

हा प्रवाह सुटतो कसा? स्विचचा ट्रान्झिस्टर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवलेला असतो आणि मधे पातळ इन्सुलेशन असते. धातू, इन्सुलेशन, धातू, म्हणजे कुणी न बसवलेला कपॅसिटरच. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्येही तसाच एक लपलेला असतो. समजा असा कपॅसिटर २० पिकोफॅरडचा आहे आणि स्विच ३०० व्होल्टची उडी ०.१ मायक्रोसेकंदात मारतो. तेवढ्या क्षणापुरता त्यातून ६० मिलिअँपियर प्रवाह धावतो. अशी उडी सेकंदाला ६५ हजार वेळा चढते आणि तितक्याच वेळा उतरते.

एका कड्यावर दोन गुंडाळ्या

चोक म्हटले की आपल्याकडे जुन्या ट्यूबलाइटचा, पट्टीवर बसवलेला, तापणारा आणि गुणगुणणारा लोखंडी ठोकळा आठवतो. तत्त्व तेच आहे. बदलत्या प्रवाहाला गुंडाळी विरोध करते आणि बदल जितका जलद तितका विरोध मोठा. मग फेजमध्ये एक चोक, न्यूट्रलमध्ये एक चोक, असे केले की झाले ना? झाले असते, पण परवडले नसते. उपकरणाचा सगळा प्रवाह त्या चोकच्या गाभ्याला चुंबकीय ओझे म्हणून वाहावा लागतो. ओझे जास्त झाले की गाभा भरतो, म्हणजे सॅच्युरेट होतो, आणि मग ती निव्वळ तार उरते. ते टाळायचे तर गाभा मोठा घ्यायला हवा. ट्यूबलाइटचा चोक इतका जड असण्याचे एक कारण हेच.

कॉमन मोड चोकची युक्ती अशी की दोन्ही तारा एकाच कड्यावर गुंडाळायच्या, सारख्याच वेढ्यांनी, आणि दिशा अशी ठेवायची की उपकरणाचा जाणारा आणि येणारा प्रवाह गाभ्यात परस्परविरोधी क्षेत्रे तयार करतील. वजाबाकी शून्य. उपकरण एक अँपियर घेवो की पाच, गाभ्याला त्याची जवळजवळ खबरच नसते. तारेची जाडी तेवढी त्या प्रवाहाला पुरेशी हवी. कॉमन मोडचा गोंगाट मात्र दोन्ही गुंडाळ्यांतून एकाच दिशेने जातो, दोन्ही क्षेत्रांची बेरीज होते आणि गुंडाळी पूर्ण ताकदीने आडवी येते.

आकड्यांत सांगायचे तर १० मिलिहेन्रीचा चोक घ्या. ५० हर्ट्झला त्याचा विरोध तीन ओहम, आणि तोही उपकरणाच्या प्रवाहाला लागत नाही. दोन गुंडाळ्यांची गाठ शंभर टक्के कधीच जमत नाही, टक्काभर क्षेत्र बाहेर निसटते, त्याचा हिशेब धरला तर उपकरणाला लागणारा विरोध भरतो ०.०३ ओहम. तोच चोक १५० किलोहर्ट्झच्या कॉमन मोड गोंगाटापुढे सुमारे ९,४०० ओहम घेऊन उभा राहतो. आणि ते निसटलेले टक्काभर क्षेत्रही वाया जात नाही. डिफरेन्शियल मोडला थोडा अटकाव करायला ते फुकटात कामी येते. सर्किट बनवणारे त्यावर हिशेबाने विसंबतात.

जुना डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय उघडला तर हा भाग पटकन सापडतो. जिथे २३० व्होल्टच्या तारा आत येतात तिथेच, फ्यूजच्या शेजारी, हिरव्या किंवा काळ्या रंगाचे कडे, त्याच्या दोन अर्ध्यांवर तांब्याच्या दोन सारख्या गुंडाळ्या आणि मधे प्लास्टिकची उभी पट्टी. ती पट्टी शोभेची नाही. एका बाजूला फेज, दुसऱ्या बाजूला न्यूट्रल, दोघांत २३० व्होल्ट. त्यांचे इनॅमल एकमेकांवर घासू नये म्हणून ती असते. दुरुस्ती करताना कुणी ती काढून टाकलेली दिसली तर तो सप्लाय परत लावू नये.

कडे कशाचे

कडे फेराइटचे असते, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमध्ये इतर धातूंची ऑक्साइडे मिसळून भाजलेली काळी, ठिसूळ चिनीमाती. मँगनीज-झिंक जातीची पारगम्यता, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला वाट देण्याची क्षमता, पाच ते दहा हजारांपर्यंत जाते आणि मध्यम लहरींच्या पट्ट्यात तिची गरज पडते. निकेल-झिंकची शेकड्यांत असते, पण दहा-वीस मेगाहर्ट्झच्या पुढे, जिथे पहिली थकते, तिथे ती टिकते. लॅपटॉपच्या वायरीवरचा जाड मणी सहसा या दुसऱ्या जातीचा. मध्यम लहरींची खरखर घालवायला तो मणी एकदा अडकवून काही साधत नाही. तो १०० मेगाहर्ट्झला शंभर-दोनशे ओहम देतो, पण ५८५ किलोहर्ट्झला जेमतेम काही ओहम.

वेढ्यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विरोध वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. तीन वेढ्यांना नऊपट, पाचांना पंचवीसपट. पण हावरटपणा चालत नाही, कारण वेढा वेढ्याला चिकटला की त्यांच्यात पुन्हा लपलेला कपॅसिटर तयार होतो. आपल्या १० मिलिहेन्रीच्या चोकमध्ये तो २० पिकोफॅरडचा असेल तर ३५० किलोहर्ट्झच्या आसपास चोक शिखर गाठतो आणि पुढे उतरतो. १० मेगाहर्ट्झला त्याच्याकडे ८०० ओहमच उरतात. म्हणून चांगल्या सर्किटात एक मोठा आणि एक छोटा असे दोन चोक एकामागे एक दिसतात. ती उधळपट्टी नसते.

झिणझिण्या

चोक एकटा क्वचितच असतो. त्याच्यासोबत फेज-न्यूट्रलच्या मधे एक एक्स कपॅसिटर आणि प्रत्येक तारेपासून अर्थकडे जाणारे दोन वाय कपॅसिटर असतात. चोक गोंगाटाला पुढे जाऊ देत नाही आणि वाय कपॅसिटर त्याला परत घरी जायची जवळची वाट दाखवतो. ही वाट अर्थमधून जाते, आणि आपल्याकडची गोष्ट तिथेच बिघडते.

गावातल्या किती घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधली वरची जाड पिन खरोखर कशाला जोडलेली असते? पुष्कळ ठिकाणी तिच्या मागे तारच नसते. अशा सॉकेटला कंप्युटर लावला की दोन वाय कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मधे एका ओळीत बसतात, त्यांचा मधला सांधा कंप्युटरच्या पत्र्याच्या डब्याला जोडलेला असतो आणि डब्यावर सुमारे ११५ व्होल्ट उभे राहतात. अनवाणी पायांनी, ओल्या फरशीवर हात लागला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर पेटतो. वायरमन येतो आणि ‘करंट उतरलाय’ म्हणून मशीन बदलायला सांगतो. मशीन ठणठणीत असते. ४.७ नॅनोफॅरडच्या वाय कपॅसिटरमधून २३० व्होल्टला साधारण एक तृतीयांश मिलिअँपियर जातो. वाय कपॅसिटर मुद्दाम इतके लहान ठेवतात, कारण ते माणसाच्या अंगाशी येऊ शकतात. तरी झिणझिण्या म्हणजे काही बिघाड नाहीच, असे धरून चालू नये. खरी गळती असेल तर तीही अशीच सुरू होते. दोन्हींवर उपाय एकच, अर्थिंग नीट करून घेणे.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो. अर्थिंग नसलेल्या घरात वाय कपॅसिटरची निम्मी-अधिक किंमत वाया जाते. चोकचे तसे नाही. तो तारेच्या वाटेत आडवा बसतो, त्याला काम करायला अर्थ लागत नाही. म्हणजे ज्या भागात अर्थिंगची बोंब आहे तिथल्या वस्तूंमध्ये चोक आधी हवा. आणि नेमका तोच आधी गाळला जातो.

रिकामी जागा

स्वस्त ॲडॉप्टर किंवा एलईडी ड्रायव्हर उघडून पाहण्यासारखा असतो. पाटीवर पांढऱ्या शाईने चोकचे चित्र छापलेले असते, शेजारी ‘एल’ आणि आकडा, चार पायांसाठी चार भोके. आणि त्या भोकांत चोकऐवजी तारेचे दोन तुकडे, समोरासमोर, झाळून टाकलेले. ज्याने सर्किट आखले त्याला चोक हवा होता, त्याने जागा सोडली. ज्याने खर्चाचा हिशेब केला त्याने तार मारली. दिवा लागतो, तसूभरही कमी उजेड पडत नाही, गिऱ्हाईक तक्रार करत नाही. तक्रार असलीच तर ती शेजारच्या रेडिओची.

या रेडिओंची बाजू घ्यायलाच १९३४ साली पॅरिसमध्ये एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, तिच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरे जोडून तिला सिस्पर म्हणतात. घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी तिची मर्यादा ०.५ ते ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५६ डेसिबल-मायक्रोव्होल्ट आहे, म्हणजे तारेवर ०.६३ मिलिव्होल्ट. २३० व्होल्टच्या तारेवर एवढासा गोंगाट चालतो, त्याहून जास्त नाही. आपल्याकडे एलईडी दिव्यांना सक्तीच्या नोंदणीत आणणारे आयएस १६१०२ हे मानक आहे आणि त्याचा पहिला भाग सुरक्षेचा आहे. दिवा पेटू नये, शॉक लागू नये, हे तो पाहतो. तेव्हा डब्यावर शिक्का आहे म्हणजे आत चोक आहे, असा अर्थ काढता येत नाही.

वावरातला सौरपंप

घरातला दिवा नऊ वॅटचा. वावरात आता तीन, पाच आणि साडेसात एचपीचे सौरपंप उभे आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेनंतर सोयाबीन-तुरीच्या या पट्ट्यात धुऱ्याधुऱ्याला पॅनेल दिसू लागली. दिवसा पाणी मिळते, रात्रीची जागल वाचते, ही गोष्ट लहान नाही. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या नजरेने पाहिले तर सौरपंप हे कॉमन मोडचे पाठ्यपुस्तक आहे.

पॅनेलकडून डीसी येते, कंट्रोलर तिचे तुकडे करून तीन फेज तयार करतो आणि बोअरमधल्या सबमर्सिबल मोटरला देतो. महावितरणच्या थ्री फेजमध्ये तिन्ही फेजची बेरीज कोणत्याही क्षणी शून्य असते. कंट्रोलरच्या तीन फेजमध्ये ती कधीच शून्य नसते, कारण प्रत्येक तार एकतर डीसीच्या वरच्या टोकाला जोडलेली असते नाहीतर खालच्या, आणि तीन हा विषम आकडा आहे. ही उरलेली बेरीज म्हणजेच कॉमन मोड व्होल्टेज आणि स्विच हलला की तेही उडी मारते. पुढे मोटरची गुंडाळी आणि तिचे आवरण, बोअरमध्ये साठ-सत्तर मीटर उतरलेली केबल आणि भोवतालचे पाणी-माती, यांच्यातला लपलेला कपॅसिटर पिकोफॅरडमध्ये मोजण्याजोगा राहत नाही, तो नॅनोफॅरडमध्ये जातो. एक नॅनोफॅरड आणि ०.१ मायक्रोसेकंदात ६०० व्होल्ट धरले तर क्षणिक प्रवाह होतो ६ अँपियर. तो जमिनीतून फिरून पॅनेलच्या सांगाड्यामार्गे परत येतो. एवढा मोठा वेटोळा, आणि एरियल म्हणून वर उंच उभी पॅनेल. धुऱ्यावर बसून खिशातला ट्रान्झिस्टर ऐकणाऱ्याला ढग आला की खरखर बदललेली जाणवेल, कारण ढगासरशी मोटरचा वेग उतरतो.

इथे चोक दोन ठिकाणी बसतो: पॅनेलकडून येणाऱ्या दोन तारांवर आणि मोटरकडे जाणाऱ्या तीन तारांवर. चांगल्या कंट्रोलरमध्ये तो आतच असतो. बाहेरून कडे घालायचे झाले तर मोटरच्या तिन्ही फेज एकाच कड्यातून, एकाच दिशेने न्यायच्या आणि अर्थची तार कड्याबाहेरून. एकेका फेजवर वेगळे कडे चढवले तर मोटरच्या पूर्ण प्रवाहाने ते लगेच भरते. पैसे गेले आणि खरखर तशीच. योजनेतल्या पंपाचा कंट्रोलर हमीच्या काळात स्वतः उघडू नये, हेही ओघाने आलेच.

न्यूट्रल जमिनीतून

एक जुनी खोड मात्र चोकलाही हरवते. न्यूट्रल गेली की फेजवर दिवा लावायचा आणि परतीसाठी जमिनीत सळई ठोकायची. माणूस मरतो म्हणून ती वाईट आहेच. पण खरखरीच्या दृष्टीनेही पाहा. जाणारी तार खांबावर, परतीची वाट मातीतून. मग सभ्य म्हटलेला डिफरेन्शियल गोंगाटसुद्धा शेकडो फुटांच्या वेटोळ्यात फिरतो. घराच्या मुख्य तारांवर कुणी चोक बसवला असेल तर त्याची वजाबाकीही मोडते, कारण फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आलेलाच नसतो. उंच पारगम्यतेच्या, चाळीसेक वेढ्यांच्या लहान कड्याला भरून जायला पन्नास-साठ मिलिअँपियरचा असा असमतोल पुरतो. एक-दोन एलईडी दिवे तेवढा सहज घेतात.

खोडदचे कान

महाराष्ट्रात हा गोंगाट सर्वांत गंभीरपणे मोजला जातो तो नारायणगावजवळच्या खोडदला. जीएमआरटी ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची दुर्बीण, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, चौदा मध्यभागी एकत्र आणि सोळा तीन बाहूंवर, थेट २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. डोंगरांनी वेढलेली ही जागा निवडण्यामागे रेडिओ गोंगाट कमी असणे हे एक मोठे कारण होते. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या लहरी मोजायचे एकक आहे जान्स्की, म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला वॅटचा १० चा उणे २६ वा घात. त्याच्यापुढे शेजारच्या वाडीतला दिवा म्हणजे सूर्यच. तबकड्यांकडून येणारे संकेत ऑप्टिकल फायबरमधून आणले जातात. विजेच्या खांबांवरच्या सैल सांध्यांतून उडणाऱ्या ठिणग्या ही तिथली जुनी डोकेदुखी आहे, आणि तिच्यावर चोक चालत नाही. तिथे सांधा आवळावा लागतो.

रेडिओ हेच मीटर

घरातला गुन्हेगार शोधायला महागडे यंत्र लागत नाही. बॅटरीवर चालणारा एएम ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि एकेक प्लग काढत जा. आतली फेराइटची कांडी ज्या दिशेला टोक करते तिथून आवाज सर्वांत कमी येतो, त्यामुळे रेडिओ फिरवून दिशाही कळते. ॲडॉप्टरपासून हातभर दूर गेल्यावर खरखर गेली, पण वायरीजवळ मात्र सगळीकडे ऐकू येते, तर समजावे की हा कॉमन मोड आहे आणि वायरच एरियल झाली आहे. अशा वेळी मँगनीज-झिंकचे मोठे कडे घेऊन ॲडॉप्टरची वायर, आहे तशी दोन्ही तारांसकट, ॲडॉप्टरला अगदी लागून सात-आठ वेढे गुंडाळावी. दूर भिंतीपाशी गुंडाळली तर मधली वायर वाजतच राहते. दिव्याच्या बाबतीत हा खटाटोप करू नये. वायर होल्डरच्या आत असते, गुंडाळायला जागा नसते. तिथे दुसऱ्या कंपनीचा दिवा आणून, दुकानातच ट्रान्झिस्टरशेजारी लावून पाहावा. दुकानदार हसेल, हसू द्यावे.